विड्याचा रंग

चार्वाकांची जी थोडीफार वचनं आज आपल्या हाती आहेत, ती बहुतेक त्यांच्या विरोधकांनी सांभाळलेली आहेत. खोडून काढायची तर आधी लिहून घ्यावी लागतात, म्हणून ती टिकली. त्यातलं एक मला फार आवडतं. पान, सुपारी, चुना. तिन्हींपैकी एकातही तो लाल रंग नाही. एकत्र चघळली की तोंड रंगतं. तसंच पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्यापैकी एकातही चैतन्य नाही, पण ती विशिष्ट तऱ्हेनं एकत्र आली, त्यांचा देह झाला, की त्यात चैतन्य दिसू लागतं. देह मोडला की रंगही गेला. मग आत्मा नको, परलोक नको, आणि श्राद्धाच्या पिंडांचा खर्चही नको. मद्याचंही उदाहरण ते देत, किण्व मिसळल्यावर मादकपणा येतो तसं. पण विडा जास्त चपखल आहे. का ते पुढे सांगते.

चेतना, मन, विचार, इच्छा या गोष्टी खरोखर आहेत की ती नुसती बोलण्याची पद्धत आहे, हा वाद सुरू झाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकीकडे विज्ञान, दुसरीकडे उपनिषदं. पण उपनिषदं वाचायला घेतली की पंचाईत होते. छांदोग्यात उद्दालक आरुणि आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी ठेवतो. पोरगा बारा वर्षं गुरुगृही शिकून चोविसाव्या वर्षी ताठ मानेनं घरी आलेला. बाप म्हणतो, खाऊ नकोस, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी सांगतो, आता ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. मुलगा म्हणतो, मला काहीच आठवत नाही. मग जेवायला सांगतो, आणि जेवल्यावर सगळं परत येतं. बापाचा निष्कर्ष असा, की बाळा, मन अन्नाचं बनलेलं आहे. सहभागी एकच, तोही संशोधकाचा मुलगा. आजच्या कुठल्या नैतिकता समितीनं याला परवानगी दिली नसती. पण प्रयोग तो प्रयोगच.

सांख्य दर्शनवाले तर याच्याही पुढे जातात. मन, बुद्धी, अहंकार ही सगळी प्रकृतीची, म्हणजे जडाचीच रूपं. चेतन तेवढा पुरुष, म्हणजे आतला साक्षी, आणि तो काहीही करत नाही, नुसता बघतो. वैशेषिक या दुसऱ्या दर्शनातल्या नऊ द्रव्यांत माती, पाणी, काळ, दिशा यांच्या पंगतीला मन बसलेलं आहे, तेही अणुएवढं. का, तर एका क्षणी आपल्याला एकच गोष्ट कळते, म्हणून. थोडक्यात, मन जड आहे असं म्हणायला इथे कोणाला लाज वाटत नव्हती. आपल्या लोकांनी रेघ मारली ती मन आणि मनाला पाहणारा यांच्यामध्ये. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात ती शरीर आणि मन यांच्यामध्ये मारली, आणि १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं पत्रातून त्याला सरळ विचारलं, की ज्याला लांबी-रुंदी नाही असा आत्मा शरीराला हलवतो तरी कसा? माझ्या मते त्याला याचं धड उत्तर देता आलं नाही. पण नंतरची साडेतीनशे वर्षं सगळे त्याच रेघेवर भांडत राहिले.

त्या भांडणाचं सगळ्यात टोकाचं रूप गेल्या पन्नासेक वर्षांत दिसलं. १९८१ साली पॉल चर्चलंड या तत्त्वज्ञानं मांडलं, की श्रद्धा, इच्छा, भीती, हेतू हे शब्द म्हणजे एक जुना लोकसिद्धांत आहे आणि तो चुकीचा आहे. जळणाऱ्या वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य बाहेर पडतं असं एकेकाळी रसायनशास्त्रज्ञ मानत. ऑक्सिजन कळल्यावर कोणी फ्लॉजिस्टनची नवी व्याख्या करत बसलं नाही, ते सरळ टाकून दिलं. मेंदूचं शास्त्र पुरेसं वाढलं की 'इच्छा' आणि 'श्रद्धा' यांचंही तेच होईल, असा त्याचा दावा. पॉल आणि त्याची बायको पॅट्रिशिया दोघंही तत्त्वज्ञ, दोघंही याच मताचे, आणि घरातही तीच भाषा बोलण्याचा त्यांचा प्रयत्न. एकदा पॅट्रिशिया कामावरून वैतागून घरी आली ती मेंदूतलं सेरोटोनिन तळाला गेलंय, रक्तात ॲड्रेनलिन भरलंय असं म्हणत. आणि शेवटी तिनं नवऱ्याला वाइन ओतायला सांगितली, असा किस्सा छापून आलेला आहे.

मला हा किस्सा अजिबात परका वाटत नाही. आमच्या घरी राग हा शब्द बायकांच्या तोंडी क्वचितच असायचा. आजीचं पित्त खवळायचं, आईचं डोकं उठायचं, आत्याचं बीपी वाढायचं. शरीराची भाषा वापरली की कोणी 'तू का चिडलीस' असं विचारत नाही, लिंबू-सरबत आणून देतात. पण घरातल्या सगळ्यांना नेमकं कळायचं, की पित्त कोणावर खवळलंय. शब्द बदलला म्हणून राग कुठे गेला? पॅट्रिशियालाही सेरोटोनिन नको होतं, वाइन हवी होती.

याहून बारीक आणि मला जास्त त्रास देणारं मत आहे ते डॅनियल डेनेट आणि कीथ फ्रँकिश यांच्यासारख्या तत्त्वज्ञांचं. ते विचार किंवा इच्छा नाकारत नाहीत. ते म्हणतात, दाढदुखीत जे काहीतरी खास, आतलं, शब्दांत न मावणारं 'दुखणं' आपल्याला जाणवतं असं वाटतं, तसं काही नसतं. मेंदू स्वतःविषयी एक सोपी, चुकीची हकिगत स्वतःलाच सांगतो आणि आपण ती खरी मानतो. गॅलन स्ट्रॉसन या तत्त्वज्ञानं २०१८ साली याला माणसानं आजवर केलेला सगळ्यात खुळचट दावा ठरवलं. अनुभवाचा भास व्हायचा तर भास हाही अनुभवच, असा त्याचा साधा मुद्दा. ऐकायला बिनतोड वाटतं. मला ते तितकं सोपं वाटत नाही, कारण मेंदू स्वतःविषयी सर्रास खोटं बोलतो याचे पुरावे ढीगभर आहेत. १९७४ साली लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी डीबी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत मेंदूचा दृष्टीचा भाग काढल्यामुळे त्याला डावीकडचं दिसत नव्हतं. तिकडे लावलेला दिवा कुठे आहे ते बोटानं दाखव म्हटलं, तर तो म्हणे, मला काही दिसत नाही, मी नुसता अंदाज करतोय. अंदाज मात्र बरोबर यायचा. उलट अँटन सिंड्रोम झालेला माणूस पूर्ण आंधळा असतो आणि मला दिसतंय असं ठामपणे सांगत भिंतीवर आदळतो. आपल्याला काय जाणवतंय याचे आपण फार भरवशाचे साक्षीदार नाही.

पण साक्षीदार कच्चा आहे म्हणून घटनाच घडली नाही असं होत नाही. बौद्धांनी हा फरक फार नीट धरला. नागसेन या भिक्षूनं मिलिंद राजाला रथाचं उदाहरण दिलं: चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, 'रथ' हे व्यवहारापुरतं नाव, तसंच 'नागसेन' हेही. बुद्धघोष या टीकाकारानं पुढे एका ओळीत मांडलं, की दुःख आहे, दुःखी असा कोणी नाही. म्हणजे वेदनेचा मालक त्यांनी काढून टाकला, वेदना काढली नाही. आत्मा नाही म्हणणाऱ्यांचं पहिलं आर्यसत्य दुःख असावं, हे मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त पटतं.

आता विड्याकडे येते. चार्वाकाच्या त्या उदाहरणात एक मेख आहे, आणि ती त्याच्या विरोधकांनी कुठे धरली असेल तर माझ्या वाचनात नाही. पान खाणाऱ्याला आपली जीभ दिसत नाही. लहानपणी आम्ही भावंडं पंगतीनंतर जीभ बाहेर काढून एकमेकांना विचारायचो, रंगलाय का? रंग समोरच्याला दिसतो, खाणाऱ्याला आरसा लागतो. दुखण्याचं बरोबर उलटं आहे. ते ज्याचं त्यालाच कळतं, समोरच्याला काही दिसत नाही. दिसतो तो वाकडा झालेला चेहरा, ऐकू येतं ते कण्हणं. त्यामुळे मन नाही हे मत मांडणारा माणूस ते स्वतःबद्दल मांडतो तेव्हा त्याला फुकट पडतं. संध्याकाळी दाढ दुखली की तोही लवंग शोधतो. ते मत महाग पडतं ते दुसऱ्याला. आणि इतिहासात ते जवळजवळ नेहमी दुसऱ्याबद्दलच वापरलं गेलं आहे.

देकार्तच्या मते जनावरं यंत्रं होती, कारण त्यांना भाषा नाही. फ्रान्समधल्या पोर-रॉयलच्या मठातली एक हकिगत लिहून ठेवलेली आहे. तिथले लोक कुत्र्यांना पाय ठोकून फळीवर चिरत आणि म्हणत, ही किंकाळी म्हणजे आत कुठलीतरी स्प्रिंग हलल्याचा आवाज. आपल्याकडे पैठणच्या घाटावरची कथा याच्या नेमकी उलट आहे. सगळ्यांत एकच आत्मा म्हणतोस, मग तो रेडा आणि तू एकच का, असं ज्ञानदेवांना हिणवलं गेलं; रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. इतिहास म्हणून मी हे सांगत नाही. पण अशी कथा रचाविशी वाटणं हीच एक तात्त्विक भूमिका आहे. अर्थात ती कथा कीर्तनात डोळे पुसत ऐकणाऱ्या समाजानं गावकुसाबाहेरच्या माणसांच्या पाठीवरचे वळ मोजले नाहीत, हेही तितकंच खरं.

विज्ञानाच्या दवाखान्यातली गोष्ट मला यापेक्षा जास्त अस्वस्थ करते. १९४२ साली माँट्रियलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी क्युरारे वापरायला सुरुवात झाली. हे दक्षिण अमेरिकेतलं बाणावर लावायचं विष. त्यानं स्नायू लुळे पडतात, पोट सैल होतं, सर्जनला काम सोपं जातं. रुग्ण हलत नाही, ओरडत नाही. इतका शांत, की क्युरारेनंच भूल चढत असावी असं काही डॉक्टरांना वाटू लागलं. हे तपासायचं कसं? १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्कॉट स्मिथ या अमेरिकन भूलतज्ज्ञानं स्वतःला टेबलावर आडवं केलं आणि कुठलीही भूल न घेता क्युरारे टोचून घेतलं, श्वास थांबवायला लागतं त्याच्या अडीच पट. सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वास देऊन त्याला जिवंत ठेवलं. पापणीही हलत नव्हती. नंतर त्यानं सांगितलं, मी पूर्ण वेळ शुद्धीवर होतो. कोण काय बोललं, कुठे टोचलं, सगळं कळत होतं. मन आहे की नाही या विषयावर मला ठाऊक असलेल्या सगळ्या लेखनात याच्याइतका चोख पुरावा दुसरा नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीही दिसत नव्हतं आणि आत सगळं चालू होतं. पण हेही खरं, की तो स्मिथ होता, मोठा माणूस, औषध उतरल्यावर बोलू शकला, म्हणून आपल्याला कळलं.

नवजात बाळ नंतरही बोलू शकत नाही. स्मिथचा प्रयोग होऊन चाळीस वर्षं उलटत आली तरी अनेक इस्पितळांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या शस्त्रक्रिया स्नायू लुळे करणारं औषध आणि जेमतेम भूल यांवर, कधीकधी भुलीशिवायही होत होत्या. त्यांचा मेंदू तयार नसतो, त्यांना वेदना कळत नाही, कळली तरी लक्षात राहत नाही, आणि भुलीनं जीव जाण्याचा धोका, अशी कारणं होती. शेवटचं कारण खोटं नव्हतं. १९८५ साली अमेरिकेत अशाच एका बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बंद करायची शस्त्रक्रिया झाली. बाळ पुढे दगावलं, आणि त्याला फक्त लुळं पाडणारं औषध दिलं होतं हे आईला नंतर कळलं. तिनं ते जाहीर लिहिलं म्हणून बोभाटा झाला. त्याच सुमारास इंदूरला डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेले के. जे. एस. आनंद अशा बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजत होते. १९८७ साली त्यांनी दाखवलं, की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांत ती कमी चढतात आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नवजातांनाही भूल द्यावी असं जाहीर केलं.

मला यात खटकतं ते हे. त्या सगळ्या आया, नर्सेस, सुईणी यांना बाळाला दुखतं हे माहीत नव्हतं का? माहीत होतंच. पण 'माहीत असणं' पुराव्यात धरलं जात नव्हतं. संप्रेरकांचा आकडा धरला गेला. आणि आकड्यानं सिद्ध काय झालं? शरीरानं ताण घेतला एवढंच. वेदना 'जाणवली' हे त्या आकड्यातही कुठे लिहिलेलं नाही. चर्चलंडला तो आकडा पुरला असता, उरलेल्यांना त्यापलीकडे उडी मारावीच लागते. आपण ती रोज मारतो, शेजारच्या माणसासाठी. प्रश्न फक्त कोणासाठी मारायची नाही याचा असतो.

२००६ साली केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी ही उडी जरा लहान केली. अपघातानंतर कुठल्याच हाकेला ओ न देणारी तेवीस वर्षांची मुलगी. निदान, जाणीव नाही. तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग, स्वतःच्या घरातून खोल्याखोल्यांत फिरतेयस अशी कल्पना कर. दोन्ही वेळा निरोगी माणसांच्या मेंदूत जे भाग उजळतात तेच तिच्या मेंदूत उजळले. २०२४ साली अनेक देशांतल्या रुग्णांचा मिळून अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सूचनेला काहीही बाह्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूनं प्रतिसाद दिला. चारात एक.

माझे वडील स्ट्रोकनंतर आयसीयूत होते तेव्हा हे आकडे आलेले नव्हते. राउंडला आलेले डॉक्टर त्यांच्या उशाशीच उभे राहून भावाला म्हणाले, आता यांना काही समजत नाहीये, तुम्ही खर्चाचा विचार करून ठरवा. आवाजही खाली केला नाही. त्याच वॉर्डात एक सिस्टर होती, मराठवाड्याकडची असावी बोलण्यावरून. ती दर वेळी कूस बदलताना आप्पांना सांगायची, "बाबा, जरा वळवते हं, गार लागंल पाठीला." मी एकदा विचारलं, त्यांना ऐकू जातं का? ती म्हणाली, "ते मला काय ठावं ताई? पण न सांगता कोणाला हात लावायचा का?" आप्पांना कळत होतं की नाही ते शेवटपर्यंत समजलं नाही. पण उत्तर माहीत नसताना त्या बाईनं प्रश्न ज्या बाजूला वळवला, ते कुठल्याच तत्त्वज्ञाला जमलेलं मी पाहिलेलं नाही. तिला चेतना सिद्ध झालेली नको होती. स्पर्शाआधी परवानगी एवढाच तिचा नेम होता.

मेंदूतून चेतना येते कशी, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. १९९८ साली ब्रेमेनमध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत चेतनेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये कॉख हरला आणि त्यानं वाइन दिली. (या विषयात शेवटी सगळे वाइनकडेच का वळतात? चार्वाकांचं मद्याचं उदाहरण फुकट गेलं नाही म्हणायचं.)

मधल्या काळात आपण उलट्या दिशेनं उदार झालो आहोत. २०२२ साली गूगलच्या एका अभियंत्यानं संभाषण करणाऱ्या प्रोग्रॅमला जाणीव आहे असं जाहीर केलं. प्रोग्रॅम काय सांगत होता? मला बंद होण्याची भीती वाटते. छान, व्याकरणशुद्ध. भाषा असेल तर मन असेल, हा देकार्तचाच निकष. तेवढ्यावर आपण यंत्राला मन द्यायला निघालो आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं काढून घेत आलो. त्या प्रोग्रॅमला मन असेल की नसेल, मी पैज लावणार नाही, कॉखचं झालेलं पाहिलंय. पण चांगलं बोलता येणं हा दुखण्याचा पुरावा म्हणून मला सगळ्यात कमकुवत वाटतो. मराठी सभा-संमेलनांना जाणारा कोणीही माझ्याशी सहमत होईल.

आणि मग चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. मी अलिबागकडची, आमच्याकडे पावसाळ्यात चिंबोऱ्यांचं कालवण झालं नाही तर पावसाळा झाला असं धरत नाहीत. जिवंत आणायच्या, कारण मेलेली चव घालवते. आधी नांग्या मोडून घ्यायच्या, नाहीतर बोट धरते. मग पाय, मग पाठ. हे मी शेकडो वेळा केलं असेल, मुलाशी अभ्यासावरून हुज्जत घालत. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. आवडत्या जातीचा शंख असेल तर ते झटका सोसून आतच राहायचे, नावडता असेल तर लवकर सोडून जायचे. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाची आवड-निवड मध्ये येण्याचं कारण नव्हतं. असे पुरावे पाहून २०२२ साली ब्रिटनच्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, शेवंड आणि माकूळ यांची संवेदनशील प्राणी म्हणून नोंद झाली. यातून चिंबोरीला दुखतं हे सिद्ध झालं का? नाही. संप्रेरकांच्या आकड्यानं बाळाचं झालं तेवढंच झालं.

मी खाणं सोडलेलं नाही. या जूनमध्ये मात्र बाजारात नेहमीच्या कोळीणमावशींना विचारलं, यांना आधी काही करता येतं का, म्हणजे तोडताना कळणार नाही असं? त्या माझ्याकडे बघून हसल्या. टोपलीच्या कडेला बर्फाचा चुरा होता, त्यात चार-पाच चिंबोऱ्या गप्प पडल्या होत्या. "ह्या घे की, बर्फात ठेवल्यात सकाळधरनं. निजल्यात बघ, नांगी धरली तरी हलत नाय." मी एक उचलून पाहिली. खरंच हलत नव्हती. पण हलत तर स्कॉट स्मिथही नव्हता.